मन्या सूड उगवत नाही

नागपूर,
१४ मे

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर मी तुला दोनच गोष्टी सांगू शकलो : तुमच्या मन्या बोक्याला लवकरात लवकर डॉक्टरांकडे ने, आणि तोवर घरात कोणीही त्याला रागावू नका. पण तुझा खरा प्रश्न होता की तो असे का वागतो, आणि त्याचे उत्तर फोनवर मावणारे नव्हते. त्याने काकूंच्या गादीवर आठवड्यात तीनदा लघवी केली, म्हणून काकू त्याला पोत्यात घालून गुजरीच्या पलीकडे सोडून यायला सांगतात. आणि त्याची झोपायची टोपली समोरच्या खोलीतून हलवल्याचा तो सूड उगवतो आहे, असे तुलाही वाटू लागले आहे. हे पत्र काकूंनाही वाचून दाखव, कारण ते जितके तुला लिहिले आहे तितकेच त्यांनाही.

आमचा सोन्या बोका तुला आठवत असेल. चार वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात आमच्याकडे लग्नाचे पाहुणे होते आणि त्याच दिवसांत तो न्हाणीतल्या गार फरशीवर पुन्हा पुन्हा बसायला लागला. बसायचा, कुंथायचा, एखादा थेंब पडायचा, मग उठून मागचा भाग चाटत राहायचा. पाहुण्यांमुळे स्वारी रुसली आहे, असे आम्ही धरून चाललो. दुसऱ्या दिवशी तो मुलाच्या अंथरुणावर बसला तेव्हा मी त्याला मागच्या व्हरांड्यात कोंडले. त्या संध्याकाळी तो माझ्या मांडीवर येऊन कितीतरी वेळ घुरघुरत पडून राहिला आणि मला वाटले, राग गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि माझा हात धरून तिथेच ठेवला : आत मूत्राशय संत्र्यासारखे टणक लागत होते. दुपारपर्यंत सोन्या गेला.

ती घुरघुर सुखाची नव्हती, हे मला नंतर कळले. मांजर समाधानात घुरघुरते हे खरेच, पण ते दुखण्यात, भीतीत, कधी अखेरच्या वेळीही घुरघुरते. आपण एकच अर्थ शिकलेलो असतो आणि तोच सगळीकडे लावतो.

बोक्याची मूत्रनलिका भाटीपेक्षा, म्हणजे मादीपेक्षा, लांब आणि बरीच अरुंद असते. लघवीतले बारीक खडे किंवा चिकट स्रावाचा गोळा तिच्यात अडकला, की वाट बंद होते; मग रक्तात पोटॅशियम वाढत जाते, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. कधी खडा नसतानाही मूत्राशयाला सूज येते, आणि घरातला गोंधळ, नवी माणसे, बदललेली जागा एवढ्यानेही ती वाढते. म्हणजे पाहुण्यांचा आणि त्या आजाराचा संबंध असू शकत होता; फक्त तो रुसव्याचा नव्हता, शरीराचा होता. त्यात मांजराला तहान मुळातच कमी. पाळीव मांजरांचा मूळपुरुष म्हणजे पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले रानमांजर, हे २००७ साली जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. भक्ष्याच्या मांसातूनच बरेचसे पाणी मिळवायचे आणि लघवी घट्ट करून पाणी राखायचे, अशी त्या शरीराची घडण आहे. तेच जनावर आपल्याकडच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात नुसत्या कोरड्या दाण्यांवर राहिले, तर त्रास होणारच. म्हणून मन्याच्या खाण्यात ओले अन्न वाढव, आणि पाण्याची दोन-तीन पसरट भांडी घरात वेगवेगळ्या ठिकाणी, जेवणाच्या वाटीपासून दूर ठेव.

तू म्हणालास की मन्याची लघवी भरपूर होते आहे. मग वाट पूर्ण बंद नसावी, यावरच मला काल रात्री झोप लागली. पण तो पुन्हा पुन्हा बसू लागला, थेंब थेंब करू लागला, ओरडला किंवा त्याने खाणे सोडले, तर दवाखाना उघडण्याची वाट पाहू नकोस. रात्री बारा वाजले असले तरी डॉक्टरांना उठव.

आता गादीच का? रेतीच्या टबात बसल्यावर दुखले, की मांजर त्या दुखण्याचा दोष टबाला देते आणि दुसरी जागा शोधते. गादी मऊ असते आणि तिला घरच्या माणसाचा ओळखीचा वास असतो. काकूंचीच गादी निवडली यात वैर शोधू नये. माझ्या मते त्यात झाला तर विश्वासच दिसतो.

डॉक्टरांनी प्रकृती ठीक सांगितली तर टबाकडे वळ. गेल्या वर्षी आमची ठमी एकाएकी दारातल्या पायपुसण्यावर जायला लागली. तपासणीत काही निघाले नाही. मग एका संध्याकाळी मी मागच्या व्हरांड्यात नुसता बसून राहिलो. ठमी आली, टबाच्या काठावर तिने एक पंजा ठेवला, तेवढ्यात वरच्या खिडकीतला कूलर घरघरत सुरू झाला, ताटीतून दोन थेंब तिच्या पाठीवर पडले, आणि ती कान पाडून पळाली. एप्रिलमध्ये कूलर मीच तिथे बसवला होता! टब न्हाणीजवळच्या कोपऱ्यात नेला आणि तिसऱ्या दिवशी ती रेतीत परतली. तुमच्याकडेही टोपलीबरोबर आणखी काय हलले, ते एकदा नीट बघ. एका मांजराला दोन टब असले तर उत्तम, रेती रोज साफ व्हावी, आणि टब खाण्याजवळ असू नये.

एक गोष्ट मात्र आजच बंद करा : गादी आणि फरशी फिनाइलने पुसणे. फिनाइलमधली द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट निष्प्रभ करता येत नाहीत; पंजाला लागून ती चाटण्यातून पोटात गेली तर विषबाधा होते. गादी साबणाच्या पाण्याने धुऊन गच्चीवर टाका. तुमच्या वर्ध्याचे ऊन एका दिवसात ती खडखडीत वाळवेल.

देवघरापुढे अर्धमेली पाल आणून ठेवतो, त्याचा काकूंना विटाळ वाटतो, हे मी समजू शकतो. भाटी पिलांना शिकार शिकवताना आधी मेलेले, मग अर्धमेले, मग जिवंत भक्ष्य आणते. बोक्यातही सुरक्षित जागी शिकार घेऊन येण्याची वृत्ती असतेच, आणि मन्यासाठी देवघर ही घरातली सर्वांत शांत जागा आहे. पहाटे चारला धावाधाव करतो, कारण उजाडताना आणि मावळताना शिकारीसाठी जागे असणे त्याच्या रक्तात आहे. रात्री झोपण्याआधी दोरीशी दहा मिनिटे खेळवून मग खायला घाल, पुष्कळ फरक पडतो. काकूंच्या लुगड्यावर पंजे मळतो तो आईच्या दुधाचा संस्कार : पिलू आचळाभोवती तसे दाबते, की दूध उतरते. गालाने पाय घासतो तेव्हा गालातल्या ग्रंथींचा वास तो काकूंना लावत असतो, म्हणजे त्यांना आपल्यांत मोजत असतो.

मांजर डोळे मिटून दूध पिते, म्हणून ते लबाड, असे काकू नेहमी म्हणतात. दुधाचे आधी सांगतो : पुष्कळशा मोठ्या मांजरांना ते पचत नाही, तेव्हा वाटी बंद करून पाणीच द्या. आणि मिटल्या डोळ्यांविषयी २०२० साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात एक अभ्यास झाला. त्यात माणसाने मांजराकडे पाहून सावकाश डोळे मिटले-उघडले, की मांजरेही डोळे बारीक करून प्रतिसाद देत. अनोळखी माणसानेही तसे केले, तर त्याच्या पुढे केलेल्या हाताजवळ ती अधिक वेळा येत. रोखून पाहणे ही मांजरांत धमकी असते; पापण्या संथ मिटणे म्हणजे इथे भीती नाही, एवढे सांगणे. मी ठमीला रोज तसे करतो. ती खिडकीत बसलेली असते, क्षणभर माझ्याकडे बघते, मग तिच्या पापण्या अर्ध्यावर येतात आणि शेपटीचे टोक थांबते.

आठवडाभर गादीवर प्लास्टिक अंथरू, काकूंना एवढे सांग. डॉक्टरांकडे नेशील तेव्हा ऊन चढण्याआधी निघ, टोपलीवर ओलसर पंचा टाक आणि त्यांना तारखांसह सगळे सांग. संध्याकाळी मला फोन कर. मी फोनपाशीच आहे.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिल