अश्वत्थाम्यावर लिहायचं म्हणतोयस म्हणून

मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास की अश्वत्थाम्यावर कादंबरी डोक्यात आहे पण आधीच लोकांनी महाभारतावर एवढं लिहून ठेवलंय, परत आपण कशाला, तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही म्हणून हे सविस्तर.

लिहीच. फक्त त्याला हीरो करायला लिहू नकोस रे. हल्ली तेच चाललंय, व्यासांनी ज्याला काळा रंगवला त्याला धुऊनपुसून बिचारा करायचं. कर्णाचंच बघ, द्रौपदीची वस्त्रं काढून घे हे दुःशासनाला सांगणारा तोच, आणि ते गाळलं की आपल्याला वाटतं कर्ण मोठा झाला, उलट तो पार बारका होतो.

इरावतीबाई कर्व्यांचं 'युगान्त' काढून द्रौपदीवरचा लेख परत वाच. महाप्रस्थानात, म्हणजे पांडवांच्या त्या शेवटच्या प्रवासात, ती पहिली पडते, भीम विचारतो का पडली, धर्मराज म्हणतो तिचं अर्जुनावर जास्त प्रेम होतं म्हणून, आणि वळूनसुद्धा न बघता चालू लागतो. व्यास तिला तिथेच सोडतात. बाई सोडत नाहीत, आधी सरळ सांगतात की इथून पुढचं माझं, आणि मग पडलेली द्रौपदी अजून जिवंत आहे, भीम मागे येतो, तुझ्यासाठी काय करू विचारतो, ती म्हणते पुढच्या जन्मी थोरला हो. बास, एवढंच! पण द्यूतसभा, कीचक, प्रत्येक वेळी धावून आलेला भीम, सगळं त्या एका वाक्यामागे येऊन उभं राहतं आणि व्यासांचं काहीही पुसावं लागत नाही. मला रीटेलिंग म्हणजे हे वाटतं, मूळ कथा जिथे गप्प बसते तिथे जाऊन बोलायचं, ती जे स्पष्ट बोलते ते लपवायचं नाही.

आता तुझा अश्वत्थामा. दुधाऐवजी पिठाचं पाणी त्याला आईने दिलं असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण आदिपर्वात त्याचे वडील द्रोण भीष्मांना सांगतात ते वेगळंय, बाकीची पोरं त्याला फसवून ते पाजतात, तो दूध प्यायलो म्हणून आनंदाने नाचतो आणि सगळे हसतात. आणि तिकडे सौप्तिकपर्वात हाच माणूस रात्री पांडवांच्या छावणीत शिरतो, द्रोणांना मारणारा धृष्टद्युम्न गयावया करतो की निदान शस्त्राने मार, चांगली गती तरी मिळेल, तर हा म्हणतो गुरुहत्या करणाऱ्याला कसली गती, आणि लाथा घालून घालून मारतो. द्रौपदीची झोपलेली पोरंही त्याच रात्री. या दोन्हीतलं एकही सोडलंस तर तुझी कादंबरी कशाला वाचायची? नाचणारं पोर आणि ती लाथ यांच्या मधे काय झालं ते व्यास सांगत नाहीत, ती जागा तुझी.

आणि एक, आपल्याकडे तो कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, नर्मदा परिक्रमेत कुणाकुणाला भेटतो म्हणतात. व्यासांनी त्याच्या डोक्यावरचा मणी काढून घेतला, कृष्णाच्या तोंडून ३,००० वर्षं एकट्याने भटकायचा शाप दिला आणि विषय संपवला, कपाळावरची ती जखम भळभळत ठेवली ती आपल्या लोकांनी, आणि तेल मागणाऱ्याला माफ न करताही घरातलं तेल द्यावंसं वाटतं हे त्यांना बरोब्बर कळलं होतं. लोकांनी केलेलं हे रीटेलिंग मला कित्येक जाड कादंबऱ्यांपेक्षा भारी वाटतं.

तर पहिलं प्रकरण नंतर लिही, आधी त्या रात्रीचं लिही. कच्चं असलं तरी पाठव, मी वाट बघतोय.

तुझाच