आकलन तपासतो, शिकवत नाही : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री,
स. न. वि. वि.

'टिमक्याने सकाळी रुपळी झिंबली.' रुपळी कोणी झिंबली? कधी झिंबली? दोन्ही उत्तरे तुम्हाला येतील आणि पैकीच्या पैकी गुण मिळतील. धड्याखालचे बरेच प्रश्न याच जातीचे असतात. मूल प्रश्नातला शब्द धड्यात हुडकते, ती ओळ उतरवते आणि आम्ही शिक्षक 'आकलन चांगले' अशी नोंद करतो.

डोलोरेस डर्किन या संशोधिकेने 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या चौथीच्या वर्गांत बसून वाचनाचे तास पाहिले. सुमारे साडेचार हजार मिनिटांपैकी आकलन प्रत्यक्ष शिकवण्यात गेली जेमतेम 20. प्रश्न विचारणे आणि उत्तरे तपासणे मात्र भरपूर चालले होते. आपल्या तपासणी अधिकाऱ्यांनी घड्याळ घेऊन माझ्या वर्गात बसावे, माझी हरकत नाही.

शिकवायचे म्हणजे काय? 'आईने खिडक्या पटापट लावल्या आणि दोरीवरचे कपडे आत ओढले.' इथे मी थांबते आणि माझ्या डोक्यात काय चालले आहे ते मोठ्याने बोलते: 'एवढी घाई का? खिडक्या, कपडे... पाऊस येतोय वाटतं. पुढे वाचून बघू.' पाऊस हा शब्द धड्यात नाही, तो वाचणाऱ्याने जोडायचा असतो. सराईत वाचक हे नकळत करतो. अडखळणाऱ्या मुलाला असे काही करायचे असते हेच कुणी सांगितलेले नसते. पुढची ओळ मग मुलांनी अशीच बोलत वाचायची. चुकीचा अंदाजही चालतो, फक्त तो कशावरून बांधला ते सांगता आले पाहिजे.

पॅलिन्सर आणि ब्राउन या संशोधिकांनी 1984 मध्ये मांडलेली पद्धतही याच वळणाची आहे. छोट्या गटात मुले आळीपाळीने शिक्षक होतात: पुढचा अंदाज बांधतात, प्रश्न काढतात, अडलेले सोडवतात, थोडक्यात सांगतात. मला धास्ती आहे ती परिपत्रकाची. उद्या याच चार गोष्टींचा चार रकान्यांचा तक्ता येईल आणि मुले गप्पा सोडून रकाने भरत बसतील.

अक्षरे सहज वाचता येणे हवेच, त्यावर वाद नाही. पण वाचन कच्चे म्हणून परिसर अभ्यासाचा तास कापून भाषेला देऊ नका. रेक्ट आणि लेस्ली यांच्या 1988 च्या प्रयोगात बेसबॉलची चांगली माहिती असलेल्या कच्च्या वाचकांना सामन्याचा उतारा जास्त उमगला. खेळाची फारशी माहिती नसलेले पट्टीचे वाचक मागे पडले. विषयाची ओळखच नसेल तर नुसत्या युक्त्या किती पुरणार?

तेव्हा मागणी एवढीच: मिनिटाला किती शब्द वाचले यावरच वर्गाची प्रत ठरवू नका. प्रशिक्षणात व्याख्यानाऐवजी खऱ्या मुलांसमोर घेतलेला पाठ दाखवा. आणि अभ्यासक्रमातले धडे कमी करा; एका उताऱ्यावर दोन तास बोलत बसलो तर 'पोर्शन मागे का?' ही नोटीस येऊ नये.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका