गोळीचं नाव लिही

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. निवृत्त होऊन परदेशी राहायला जाणाऱ्या मुलाला आईने काय शिकवायचं? पण काल आरोग्य विम्याचा विषय निघाला आणि फोनवर तू म्हणालास, "रक्तदाबाची एकच गोळी, ती कशाला फॉर्ममध्ये?" तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

लिही रे बाबा.

नानांचं तुला कधी सांगितलं नाही. तू होस्टेलवर होतास. हप्ता वाढू नये म्हणून त्यांनी मधुमेहाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. पुढे छातीत कळ आली, बिल पाठवलं, तर कंपनीने तोच फॉर्म समोर ठेवला. त्यांचं टपोरं, वळणदार अक्षर. 'नाही'. ताईच्या नावाची ठेव मोडली तेव्हा त्यांना घरी आणता आलं. बिल नाकारलंच, वर पॉलिसीही रद्द केली.

खरं लिहिलंस तर हप्ता चढेल, नाहीतर त्या आजारासाठी काही काळ थांबायला लावतील. पण काय मिळणार नाही ते आधी कळेल. परक्या देशात, इस्पितळाच्या खिडकीपाशी नको कळायला.

आणि प्रवास विम्यावर राहू नकोस. तो फिरायला गेलेल्यांचा. कायम राहणाऱ्याची रोजची औषधं त्यात बसत नाहीत. इथली पॉलिसी तिथे चालेल का, हे लेखी विचार. नवी सुरू होईपर्यंत जुनी सोडू नकोस. सत्तरीनंतर नूतनीकरण करतात का, तेही विचार. तिथली सरकारी सोय तुम्हा दोघांना मिळणार का, आणि कधीपासून? सुमाचं वेगळं विचार, तिचं ऑपरेशन झालंय.

बघ, पुन्हा शिकवायला लागले. रागावू नकोस. स्वतःच्या हिमतीवर तिथे घर घेतलंस, येईल त्याला मी सांगते. पण मला आठवतो तो सहावीतला बाळ. सहल चुकू नये म्हणून थर्मामीटर झटकून माझ्या हातात दिलास, "बघ, ताप नाही." संध्याकाळी बसमधून उचलून उतरवला तुला. अंग नुसतं भाजत होतं. मी तेव्हा कपाळाला हात लावून पाहिला असता तर...

फॉर्म पाठवण्याआधी मला फोनवर वाचून दाखव. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅमची, कधीपासून. मी चष्मा लावून, कागद घेऊन बसते.

तुझी,
आई

ता. क. गुडघ्याचंही लिही.