शिकवणीपुढचं उणे चिन्ह

नौपाडा, ठाणे
१२ जुलै

प्रिय संज्योत,

सप्रेम नमस्कार.

आठवीच्या मुलांचे गणितातले गुण कशाकशाशी जोडलेले असतात, या तुझ्या प्रबंधाची फाइल नीट पाहिली. ऐरोलीपासून नेरूळपर्यंतच्या १२ शाळा, प्रत्येकीतली आठवीची ४० मुलं, ५० गुणांची गणिताची चाचणी. रिग्रेशनमध्ये, म्हणजे सगळे घटक एकत्र धरून गुणांशी नातं जोडणाऱ्या समीकरणात, शिकवणीचा सहगुणक (शिकवणीमागे गुणांत पडणारा फरक) उणे ३.१ आला, म्हणून ‘शिकवणीमुळे गुण घटतात’ असं तू निष्कर्षात लिहिते आहेस. ते वाक्य प्रबंधात जाऊ देऊ नकोस.

शिकवणीला जातं कोण? बहुतेकदा ज्याचं गणित सातवीतच अडकलं, त्याला आई-वडील पदरमोड करून पाठवतात. तो आधीचा कच्चेपणा तुझ्या समीकरणात कुठेच नाही, म्हणून तो शिकवणीच्या खात्यावर जमा झाला. सातवीच्या वार्षिक परीक्षेचे गुण घाल, म्हणजे तुलना सारख्या मुलांची होईल: सातवीत दोघांचे गुण तेवढेच, एक शिकवणीला जातो, दुसरा नाही, आठवीत फरक किती? उणे आकडा बराच आक्रसेल, कदाचित चिन्हही बदलेल. सातवीचा पेपर मात्र प्रत्येक शाळेचा वेगळा असतो. एका शाळेतले ७० आणि दुसरीतले ७० सारखे नव्हेत. त्यामुळे त्या त्या शाळेची सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाने) भाग, आणि तो आकडा वापर.

एवढं करूनही थोडा दोष शिल्लक राहील. परीक्षेच्या दिवशी ताप असतो, नेमका न केलेला धडा येतो. एका पेपरात मुलाची तयारी पुरती मोजली जात नाही, आणि न मोजलेला भाग पुन्हा शिकवणीलाच चिकटतो. सहावीचेही गुण मिळाले तर दोन्हींची सरासरी घे. आठवीच्या सहामाहीचे गुण मात्र अजिबात घालू नकोस. जूनपासूनची हजेरी आणि शिकवणी यांचा परिणाम त्यांत आधीच उतरलेला असतो. ते घातलेस तर जे शोधायचं तेच झाकलं जाईल.

पण त्याआधी फाइल साफ कर. काही मुलांच्या गुणांच्या रकान्यात ० आहे आणि हजेरी ५५ टक्क्यांच्या खाली. ही मुलं नापास नाहीत, चाचणीला गैरहजर होती. कुणीतरी ‘गैह’ (गैरहजर) लिहायच्या जागी शून्य भरलं. अशा मोजक्या ओळीही रेषेला खाली खेचतात आणि हजेरीचा सहगुणक उगाच फुगवतात. मूळ गुणपत्रकाशी ताडून ते रकाने रिकामे कर. माध्यमाला तू मराठी १, हिंदी २, उर्दू ३, इंग्रजी ४ असे आकडे दिलेस. सॉफ्टवेअरला वाटतं, इंग्रजी म्हणजे मराठीच्या चौपट काहीतरी. चार माध्यमांना ०-१ चे तीन रकाने कर, मराठी हा पाया ठेव. चारही घातलेस तर चौघांची बेरीज कायम १ येते आणि गणितच सुटत नाही. वडिलांचं उत्पन्न न सांगणाऱ्यांच्या ओळी सॉफ्टवेअर गुपचूप गाळतं, म्हणून निकालाखाली ‘एकूण नोंदी’ किती उरल्या ते दर वेळी बघ.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एकाच शाळेतल्या मुलांना शिक्षक तेच, वस्ती बहुधा तीच. त्यांचे गुण एकमेकांसारखे असतात. समज, गुणांतल्या फरकापैकी २० टक्के फरक शाळाशाळांतला आहे. मग शाळापातळीवरच्या घटकासाठी माहिती १ + (४० − १) × ०.२ = ८.८ पटींनी कमी होते (४० ही एका शाळेतली मुलं), आणि ४८० भागिले ८.८ म्हणजे जेमतेम ५५ मुलांएवढीच माहिती तुझ्याकडे आहे. साधं रिग्रेशन ४८० धरून प्रमाण त्रुटी (सहगुणक किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप) फार लहान दाखवतं, आणि प्रयोगशाळा, ग्रंथालय अशा गोष्टींपुढे ‘हा परिणाम ठळक आहे’ असं सांगणारी नसती चांदणी उमटते. त्रुटी शाळानिहाय गटांवरून काढायची पद्धत आहे, पण १२ गट तिला फार थोडे. तू शाळांचेही तसेच ०-१ चे ११ रकाने घाल. मग माध्यम आणि प्रयोगशाळा समीकरणातून बाहेर पडतील, कारण शाळेच्या आत ती बदलत नाहीत. ते मान्य कर. १२ शाळांवरून शाळांबद्दल ठाम काही सांगताच येत नाही, मुलांबद्दल येतं.

आईचं शिक्षण, वडिलांचं शिक्षण, उत्पन्न, तिन्ही एकत्र घातल्यावर एकही ठळक येत नाही म्हणून तू दोन वगळलीस. ती एकमेकांशी जोडलेली आहेत, परिणाम वाटला जातो, म्हणून प्रत्येक एकटं फिकं दिसतं. तिन्ही ठेव, आणि तिघांची मिळून एकच एफ-चाचणी (तिन्ही एकत्र काही फरक पाडतात का, हे तपासणारी) घे. समीकरणात कोणते घटक ठेवायचे ते सॉफ्टवेअरला आपोआप निवडू देणं तर टाळच. अमेरिकेतल्या शाळांच्या मोठ्या पाहणीवर, १९६६ च्या कोलमन अहवालावर, असाच आक्षेप घेतला गेला: घर आणि शाळा दोन्हींकडून मिळून येणारा परिणाम, घराचे घटक आधी घातल्यामुळे सगळा घराच्या पदरात पडला.

हजेरीचा आकडा लोकांना कळेल असा लिही. शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीला २२० दिवस धरलेत, म्हणजे ५ टक्के हजेरी म्हणजे ११ दिवस. दर १ टक्का हजेरीमागे सहगुणक ०.४ आला तर ‘बाकी सगळं सारखं असताना, ११ दिवस जास्त हजर असलेल्या मुलाला सरासरी २ गुण जास्त’ असं लिही. ‘हजेरीमुळे’ लिहू नकोस. आजारपण, घरातली कामं, गावी जाणं हे सगळं हजेरीच्या मागे दडलेलं असतं.

शेवटी अवशेषांचा, म्हणजे खरे गुण आणि समीकरणाने सांगितलेले गुण यांतल्या फरकांचा, आलेख काढ; आडव्या अक्षावर समीकरणाने सांगितलेले गुण घे. खूप मुलांना ५० पैकी ५० असतील तर उजव्या बाजूला सगळे ठिपके एका तिरक्या रेषेत कापल्यासारखे दिसतील. तिथे चाचणीच सोपी पडली, आणि हुशार मुलांमधला फरक त्या पेपराने मोजलाच नाही. तसं स्पष्ट नोंदव.

साफ केलेल्या फाइलवर दोन कोष्टकं कर, एक सातवीच्या गुणांशिवाय आणि एक त्यांच्यासह, आणि शेजारी शेजारी छाप. मला पाठवताना मुलांची नावं आणि जनरल रजिस्टरचे क्रमांक काढून टाक. मी रविवारी पूर्ण दिवस मोकळी आहे.

तुझी,
वैदेही