टॅटूची रेघही चित्रकलेचीच

टॅटूकाराच्या चित्रांवरील रविवार पुरवणीतला लेख वाचला. लोकप्रिय प्रतिमा आल्या की चित्र उथळ होते, हे त्यातले मत अजिबात पटले नाही. टॅटूत रेघ खोडायची सोय नसते. एका हाताने त्वचा ताणून धरायची आणि सुई साधारण १ ते २ मिलिमीटर आत न्यायची. जास्त खोल गेली तर शाई पसरून रेघ फुटते, वरवर राहिली तर खपलीबरोबर रंगही निघून जातो. असा तयार झालेला हात कुंचला धरतो तेव्हा रेघेत ती पकड दिसतेच. अमेरिकेतील डॉन एड हार्डी यांनी सॅन फ्रान्सिस्कोत मुद्राचित्रणाचे, म्हणजे ठशावरून चित्र छापण्याच्या कलेचे, शिक्षण घेऊन १९६७ मध्ये पदवी मिळवली, मग ते टॅटूकडे वळले. २००० साली त्यांनी ५०० फूट लांब पटावर दोन हजार ड्रॅगन रंगवले. याला उथळ कसे म्हणायचे? १८९४ मध्ये छापखाना काढून घरोघरी देवदेवता पोचवणाऱ्या राजा रविवर्मांवरही पुढे ‘कॅलेंडर आर्ट’चा शिक्का बसलाच होता. कापूरबावडीच्या ठाणे कला भवनात अशी चित्रे लागतील तेव्हा कॅनव्हासशेजारी टॅटूचे नमुनेकागद आणि स्टेन्सिलही लावावेत. कोणती रेघ कुठून आली, हे लोकांना ताडून पाहता येईल.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे