पॉवर स्टेशन घेण्याआधी वॉट-अवर विचारा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की इन्व्हर्टर-बॅटरीच्या जाहिराती सुरू होतात. हल्ली त्यांच्या जोडीला ‘पोर्टेबल पॉवर स्टेशन’ आले आहे. लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच पेटीत, वर उचलायला कडी, पुढे सॉकेट. वायरमन बोलवायला नको, बॅटरीत पाणी घालायला नको. वस्तू खरोखरच चांगली आहे. पण ‘अख्खे घर चालेल’ एवढ्या एका वाक्यावर ती गळ्यात मारली जाते आणि मग पहिल्याच मोठ्या वादळात लोकांचा विरस होतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतात ते वॉट. पेटीत वीज किती साठते, हे सांगणारे वॉट-अवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतात. ते विचारल्याशिवाय कोणी पैसे मोजू नयेत, यासाठी हे पत्र.

वॉट म्हणजे एका वेळी किती भार ओढता येईल. वॉट-अवर म्हणजे तो किती वेळ ओढता येईल. १००० वॉट-अवर म्हणजे आपल्या वीजबिलातले बरोबर एक युनिट. एवढे मनात पक्के ठेवले तर निम्मी फसवणूक टळते. काही विक्रेते वॉट-अवरऐवजी ‘२,७०,००० एमएएच’ (मिलिअँपिअर-अवर) असा डोळे दिपवणारा आकडा सांगतात. त्याला बॅटरीतल्या एका सेलच्या व्होल्टेजने गुणून १००० ने भागायचे. सेल ३.७ व्होल्टचा असेल तर ९९९ वॉट-अवर आणि ३.२ व्होल्टचा असेल तर ८६४. एमएएच तेच, वीज मात्र वेगळी.

छापलेली सगळी वीज सॉकेटपर्यंत येत नाही, हेही लक्षात घ्यावे. बॅटरीतली डीसी वीज घराला लागणारी एसी करताना काही भाग उष्णतेत जातो. म्हणून १०२४ वॉट-अवरच्या पेटीतून ८५० ते ८७० हाती येतील असे धरावे.

आता घरचा हिशोब. दोन साधे पंखे प्रत्येकी ७५ वॉटचे, आठ तास: १२०० वॉट-अवर. तीन एलईडी बल्ब ९ वॉटचे, चार तास: १०८. वायफायचा राउटर १० वॉटचा, बारा तास: १२०. चार मोबाइल: ६०. फ्रिजसाठी अंदाज बांधत बसू नये. त्याच्या दारावरच्या स्टार लेबलवर वर्षाची युनिट छापलेली असतात. २०० लिहिले असेल तर भागिले ३६५, म्हणजे दिवसाला साधारण ५५० वॉट-अवर, बारा तासांचे २७५. बेरीज झाली १७६३. म्हणजे एक युनिटची पेटी मध्यरात्रीच मान टाकणार.

त्याच घरात ते दोन पंखे ३० वॉटचे बीएलडीसी (कमी विजेत चालणाऱ्या मोटारीचे) असतील तर पंख्यांचा खर्च १२०० वरून ४८० वर येतो आणि बेरीज १०४३ होते. मग थोडी काटकसर केली, फ्रिज रात्री बंद ठेवला, की त्याच पेटीवर पहाट होते. म्हणून आधी पंखे बदलावेत आणि मग पेटीचा आकार ठरवावा. पंख्यावर घातलेला पैसा रोजच्या बिलातही परत येतो. दुप्पट मोठ्या पेटीवर घातलेला येत नाही.

यापुढची अडचण मोटारीची. फ्रिज चालताना १०० ते १५० वॉटच घेतो, पण जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट ओढतो. पेटीवरचा ‘सर्ज’चा आकडा पाहायचा तो यासाठी. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज हळूहळू वेग घेतो, त्याला हा त्रास नाही. पाण्याच्या पंपाचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. एक एचपीचा पंप चालताना हजार-अकराशे वॉट घेतो आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. १००० काय, २००० वॉटची पेटीसुद्धा तिथे ट्रिप होते. वादळाचा इशारा आला की लाइट असतानाच टाकी भरून घ्यावी, हा त्यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

काही पेट्यांवर ‘१००० वॉटच्या यंत्रावर १६०० वॉटचे उपकरण चालवा’ असे लिहिलेले असते. ती करामत व्होल्टेज खाली आणून केलेली असते. पाणी गरम करायच्या कॉइलला ती चालते, फक्त पाणी उशिरा तापते. मिक्सर किंवा पंप त्यावर लावला तर मोटार गरम होऊन जळू शकते. इस्त्री, गीझर, इंडक्शन यांना या पेटीवर जागा देऊच नये. वेव्हफॉर्म, म्हणजे विजेच्या लहरीचा आकार, ‘प्युअर साइन वेव्ह’ आहे ना, हे विचारावे. तसे नसेल तर पंखा घुमतो, रेग्युलेटर गुणगुणतो आणि फ्रिजची मोटार तापते.

बॅटरी कोणत्या जातीची, हा प्रश्न दुकानात सहसा कुणी विचारत नाही. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, असेल तर तीन हजारांच्या आसपास वेळा पूर्ण भरून-रिकामी केल्यावरही ऐंशी टक्क्यांच्या घरात क्षमता उरते. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) जातीची बॅटरी वजनाने हलकी, पण आयुष्य साधारण पाचशे ते हजार फेऱ्यांचे आणि उष्णता सोसण्याची ताकदही कमी. घरात एका जागी ठेवायच्या वस्तूला दोन-तीन किलो जास्त वजनाने काही बिघडत नाही. घरासाठी एलएफपीच घ्यावी. विक्रेत्याला जात सांगता येत नसेल तर ती वस्तू तिथे घेऊ नये.

रात्री हमखास फसवणारी एक गोष्ट इथे सविस्तर सांगायला हवी. पेटीचे एसी बटण, म्हणजे सॉकेटला वीज देणारे बटण, चालू ठेवले की काहीही जोडलेले नसतानाही आतला इन्व्हर्टर १० ते १५ वॉट खात राहतो. दहा वॉटच्या राउटरसाठी रात्रभर एसी चालू ठेवला तर राउटर खातो तेवढी किंवा त्याहून जास्त वीज पेटी स्वतःच खाते. राउटरच्या अडॅप्टरवर ‘१२ व्होल्ट, १ अँपिअर’ असे लिहिले असेल, तर तो पेटीच्या १२ व्होल्टच्या डीसी पिनवर थेट चालतो. मात्र पिनच्या जाडीची आणि अधिक-उणे ध्रुवांची खात्री करून घ्यावी. अडॅप्टरवर एक छोटी खूण असते, मध्ये टिंब आणि भोवती अर्धवर्तुळ. टिंबाकडे अधिक चिन्ह पाहिजे. ९ व्होल्टचा राउटर १२ व्होल्टवर लावू नये.

याच्या उलट चूक ‘इको मोड’ची. भार फार कमी झाला की हा मोड काही वेळाने एसी आपोआप बंद करतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर गारवा झाल्यावर थांबतो, पेटीला वाटते आता काम उरले नाही, ती एसी बंद करते आणि फ्रिज पुन्हा सुरू होतच नाही. सकाळी दूध नासलेले असते आणि बॅटरी मात्र साठ टक्के शिल्लक असते. फ्रिज किंवा रात्रीचे श्वासाचे यंत्र लावणार असाल तर इको मोड बंद करून मगच झोपावे.

ज्या घरात आजारी माणूस आहे तिथे हिशोब आणखी काटेकोर हवा. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ३५० वॉटच्या आसपास घेतो. एक युनिटच्या पेटीवर तो जेमतेम अडीच तास चालेल. तेवढ्यात भरलेला सिलिंडर जोडता यावा म्हणून पेटी ठेवायची. सिलिंडरच्या बदल्यात ठेवायची नाही. सीपॅपचे, म्हणजे झोपेत श्वासनलिका उघडी ठेवणाऱ्या यंत्राचे, तसे नाही. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर ते ३०-४० वॉटवर चालते, म्हणजे आठ तासांचे साधारण ३०० वॉट-अवर. नेब्युलायझर दहा मिनिटांचाच, त्याची काळजी नको.

खरेदीआधी कुठल्या अंधारासाठी तयारी करतो आहोत, हेही ठरवावे. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई परिसराची वीज गेली ती काही तासांसाठी. तशा प्रसंगाला ही पेटी उत्तम. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली भागांतल्या कित्येक गावांत दिवसचे दिवस खांब आडवे होते. तिथे पेटी केवढी आहे यापेक्षा ती पुन्हा भरणार कशी, हा प्रश्न मोठा. चारचाकी गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमधून तासाला साधारण १०० वॉट-अवर मिळतात, म्हणजे एक युनिटची पेटी भरायला इंजिन चालू ठेवून दहा तास.

सौर पॅनेल हा दुसरा मार्ग, पण त्यात दोन गैरसमज आहेत. छतावर पीएम सूर्यघर योजनेतली यंत्रणा बसवली की लाइट गेल्यावरही घर चालेल असे अनेकांना वाटते. चालत नाही. लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून ग्रिडला (वीज कंपनीच्या लाइनला) जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा जाताच स्वतः बंद होतो. आणि छतावरच्या पॅनेलची वायर पेटीला जोडायची तर तिथे शेकडो व्होल्ट असतात. पेटीसाठी वेगळे पॅनेलच लागते.

दुसरा गैरसमज पॅनेलच्या वॉटवरून होतो. पाहायचे असते ‘ओपन सर्किट व्होल्टेज’, म्हणजे काहीही न जोडता पॅनेलवर असते ते. पेटीवर इनपुट ‘१२ ते ६० व्होल्ट’ लिहिले असेल तर ५४० वॉटचे एक पॅनेल, साधारण ४९-५० व्होल्टचे, चालते. तशी दोन सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडली की शंभराच्या घरात जाते आणि चार्जर जळू शकतो. थंड सकाळी हे व्होल्टेज आणखी वाढते, म्हणून काठोकाठ जाऊ नये. चांगल्या उन्हात २०० वॉटचे पॅनेल दिवसभरात सातशे-आठशे वॉट-अवर देते. कोकणातल्या जुलैत, दाट ढग असतील त्या दिवशी, त्याच्या चौथाई मिळाली तरी पुष्कळ समजावे.

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून एक टोक पेटीत आणि दुसरे भिंतीच्या सॉकेटमध्ये घालण्याचा ‘जुगाड’ काही जण सुचवतात. हे कधीही करू नये. मेन स्विच पाडायचा राहिला तर आपली वीज उलटी डीपीपर्यंत जाते आणि ट्रान्सफॉर्मर तिचे हजारो व्होल्ट करतो. घराजवळच वायर तुटलेली असेल तर भार कमी असल्याने पेटी ट्रिपही होत नाही, आणि ती तुटकी वायर उचलायला आलेला लाइनमन जिवाला मुकू शकतो. शिवाय हातातल्या उघड्या पिनांत वीज असते, आणि पुरवठा परत आला की पेटीचा इन्व्हर्टर जातो तो वेगळाच. घराच्या वायरिंगला जोडायचेच असेल तर परवानाधारक वायरमनकडून डबल पोल चेंजओव्हर (लाइन किंवा पेटी यांपैकी एकच जोडणारा स्विच) बसवून घ्यावा, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटेल. बहुतेक पेट्यांचा न्यूट्रल अर्थिंगशी जोडलेला नसतो, त्यामुळे घरातल्या आरसीसीबीवर (वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) तेव्हा विसंबता येत नाही. साध्या गरजेला चांगला एक्स्टेन्शन बोर्ड पुरे.

गावाकडे व्होल्टेज १७० पर्यंत उतरते. अशा ठिकाणी पेटी चार्ज होईल का, हे इनपुटच्या आकड्यांवरून आधी तपासावे. यूपीएस मोडमध्ये, म्हणजे लाइट असताना उपकरणे पेटीमार्फत लाइनवर चालतात तेव्हा, लाइनची वीज आहे तशी पुढे जाते. ती पेटी स्टॅबिलायझर नव्हे.

अमेरिकेतल्या मुलाकडून मागवायचा विचार असेल तर तो सोडावा. तिकडची यंत्रे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आणि १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात नेऊच देत नाहीत. इथे घेताना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर घालून पाहावा. घरी आणल्यावर, परत करायची मुदत संपण्याआधी, पेटी पूर्ण भरून तिच्यावर १०० वॉटचे दोन जुने, तारेचे बल्ब लावावेत. १०२४ वॉट-अवरची पेटी सव्वाचार तास चालली पाहिजे. तीन तासांत बंद झाली तर बिलासकट परत न्यावी.

आणि ज्यांचे स्वतःचे घर आहे, गरज फक्त दिवे-पंख्यांची आहे, त्यांनी १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-अवरच्या) ट्यूब्युलर बॅटरीचा जुन्या पद्धतीचा इन्व्हर्टर कमी लेखू नये. १८०० वॉट-अवरपैकी अकरा-बाराशे तो हाती देतो आणि तेवढ्याच विजेच्या पॉवर स्टेशनला दुपटीहून अधिक पैसे पडतात. पाणी घालणे आणि जड वजन ही त्याची किंमत. भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर, दुकानात-शेतात नेण्यासाठी किंवा रुग्णाच्या उशाशी ठेवायला मात्र पॉवर स्टेशनच बरे.

किनाऱ्यावर खारी हवा पेटीच्या पंख्यातून आत जाते, मुंग्या आणि पाली जाळीतून शिरतात. पेटी जमिनीवर न ठेवता स्टुलावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवावी. कपाटात किंवा बाहेर पडायच्या वाटेवर नको. वापर नसेल तेव्हा पन्नास-साठ टक्के भरून ठेवावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा भरावी. शून्यावर ठेवून विसरली तर सेल कायमचे जातात. पेटी फुगली, गोडसर उग्र वास आला, तर चार्जिंग बंद करून ती मोकळ्या जागी न्यावी. भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती कुठे परत घेणार आणि दुरुस्ती कोणत्या गावात होणार, हे दोन पत्ते ग्राहकांनी बिलावरच लिहून मागावेत.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी