आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : नवजात कक्षाचं दार आई-वडिलांना उघडा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : कमी दिवसांच्या बाळांजवळ, विशेषतः जुळ्यांजवळ, आई-वडील दोघांना राहू देण्याबाबत.

महोदय,

माझी जुळी बाळं 31व्या आठवड्यात झाली. मुलगी 1 किलो 300 ग्रॅमची, मुलगा त्याहून हलका. दोघांना सरकारी रुग्णालयाच्या विशेष नवजात काळजी कक्षात, म्हणजे एसएनसीयूत ठेवलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी ती जगवली, त्यांच्याविषयी माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे. हे पत्र नियमाबद्दल आहे. आमच्या कक्षात आईला ठरलेल्या वेळी, दूध देण्यापुरतं आत घ्यायचे आणि वडिलांना घ्यायचेच नाहीत. हा नियम बदलणं आपल्या हातात आहे, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

माझी बाळं दोन वेगळ्या वॉर्मरवर, म्हणजे ऊब देणाऱ्या खाटांवर, होती, मध्ये दुसऱ्यांची बाळं. कागदावर माझं नाव आणि पुढे ‘ट्विन वन’, ‘ट्विन टू’. चपला बाहेर काढायच्या, हात कोपरापर्यंत धुवायचे, गाऊन चढवायचा आणि मग ठरवायचं, आधी कुणाकडे जायचं. मुलीपाशी उभी राहिले की पलीकडे मुलाचा मॉनिटर वाजायचा. इतक्या लवकर आलेली बाळं मध्येच श्वास घ्यायला विसरतात. सिस्टर धावत येऊन तळपायाला हलकेच टिचकी मारायच्या, मग छाती पुन्हा हलायला लागायची. दूध दोघांनाही नळीनेच, मोजून. टाके ओले असताना वॉर्डातून कक्षापर्यंत चालत यायचं, वाटीत दूध काढायचं आणि ते दोघांत वाटायचं. पहिले काही दिवस ते एकालाही पुरत नव्हतं. वेळ संपली की बाहेर.

माझे पती टेम्पो चालवतात. रात्री गाडी लावून ते थेट रुग्णालयात यायचे आणि बाहेरच्या बाकावर बसायचे. औषधाची चिठ्ठी निघाली, रक्ताची पिशवी आणायची असली की त्यांच्या नावाने हाक यायची. बाळं मात्र त्यांनी बरेच दिवस काचेतूनच पाहिली. संसर्गाची भीती आम्हालाही समजते. पण माझ्यासारखेच कोपरापर्यंत धुतलेले, गाऊन घातलेले बापाचे हात आईच्या हातांपेक्षा जास्त धोक्याचे कसे, हे मला कुणी सांगू शकलं नाही.

महोदय, मी काही जगावेगळं मागत नाही. बाळाला उघड्या छातीवर धरून ऊब देण्याची कांगारू पद्धत 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी सुरू केली, ती बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या, म्हणजे इन्क्युबेटर, अपुऱ्या पडत होत्या म्हणून. पुढे कळलं की ही पद्धत नुसती पेटीची उणीव भरून काढत नाही, ती स्वतःच उपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आपल्या देशातलं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. 1 किलो ते 1 किलो 799 ग्रॅमच्या बाळांना, ती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लगेच छातीवर धरायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 25 टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी आईची खाट कक्षातच ठेवावी लागली. माझी मुलगी वजनाने नेमकी याच गटातली. तिला मी पहिल्यांदा छातीवर घेतलं ते ‘आता स्थिर आहे’ असं सांगितल्यावर, बऱ्याच दिवसांनी. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली की कांगारू काळजी जन्मानंतर लगेच सुरू करावी आणि दिवसाला 8 ते 24 तास द्यावी. आता जुळ्यांचा हिशोब आपणच करा. दोघांना एकत्र छातीवर धरता येतं, मी धरलंही आहे, पण नुकतंच पोट फाडलेली बाई तसं किती तास बसेल? दुसरी छाती बाहेर बाकावर रिकामी बसलेली असते.

केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा हेच सांगतात. आजारी नवजाताच्या काळजीत कुटुंबाला सहभागी करून घेण्याची तत्त्वं 2017 मध्ये आली. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातल्या अनुभवावर ती उभी आहेत. हात धुणं, बाळाला स्वच्छ करणं, नळीने दूध देणं, धोक्याच्या खुणा ओळखणं, हे सगळं आई-वडिलांना शिकवून त्यांच्याकडून करून घ्यावं, असं त्यांत आहे. आणि महाराष्ट्राला तर हे नवीन नसावं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजातांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले, ते 1999 मध्ये जगापुढे आलं. गावातली बाई शिकून दुसऱ्याचं बाळ वाचवू शकते, तर जन्मदात्यांना शिकवायला काय अडचण आहे?

आता माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलेली गोष्ट. मुलाला व्हेंटिलेटर लागला आणि त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवायचं ठरलं. मुलगी इथेच राहणार होती. माझं दूध एकच, मीही एकच. अ‍ॅम्ब्युलन्स दारात उभी असताना मला विचारलं, ‘तुम्ही कुठे थांबताय?’ मुलीजवळ थांबायला सासूबाई तयार होत्या, पण आईशिवाय कुणी चालत नव्हतं. मी मुलाबरोबर गेले. इकडे मुलीला डब्याचं दूध सुरू झालं. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध साठवून गरजू बाळांना देणारी सोय, 1989 मध्ये मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. त्याच राज्यात माझ्या लेकीला त्या दिवसांत आईचं दूध मिळालं नाही, ना माझं, ना दुसऱ्या कुणाचं. जुळ्यांपैकी एकाला पुढे पाठवताना शक्य असेल तर दोघांना सोबत पाठवा. ते शक्य नसेल, तर राहिलेल्या बाळासाठी वडील, आजी किंवा मावशी यांच्यापैकी एकाचं नाव दाखल करून त्यांना आईइतकाच हक्क द्या. आधी सुट्टी मिळालेलं बाळ घरी आणि दुसरं कक्षात, अशी वेळही जुळ्यांच्या आईवर येते. तेव्हा घरी जाऊ शकणाऱ्या बाळालाही आईसोबत रुग्णालयात राहू द्या.

राहण्याखाण्याचंही बोलायलाच हवं. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाचे उपचार ते एक वर्षाचं होईपर्यंत मोफत आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्यात आईच्या जेवणाची तरतूद साध्या बाळंतपणाला 3 दिवस आणि सिझेरियनला 7 दिवस. कमी दिवसांचं बाळ सातव्या दिवशी घरी जात नाही. आई मात्र वॉर्डातून सुटते आणि व्हरांड्यात चटई टाकून झोपते. वडापाव खाऊन दर तीन तासांनी दूध काढणाऱ्या बायका मी तिथे पाहिल्या आहेत. बाळ कक्षात असेपर्यंत आईला खाट आणि दोन वेळचं जेवण मिळालंच पाहिजे.

रजेचंही तेच. कायद्याने 26 आठवड्यांची प्रसूती रजा आहे, पण त्यातले कितीतरी आठवडे काचेच्या दाराशी जातात आणि बाळ अंगावर पिऊ लागतं तोवर कामावर हजर व्हायची तारीख येते. ब्रिटनमध्ये एप्रिल 2025 पासून अशा आई-वडिलांना 12 आठवड्यांपर्यंत वेगळी रजा मिळते. केंद्राच्या कायद्यात बदल व्हायला वेळ लागेल हे मला ठाऊक आहे. पण राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना, मानधनावरच्या आशाताई आणि कंत्राटी सिस्टरांसकट, बाळ कक्षात असतानाचे दिवस वेगळे धरून देणं राज्याला जमेल. माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई ऊस तोडायला जाणारी होती. तिच्यासाठी रजा म्हणजे बुडालेली मजुरी, म्हणून तिला रोजचा बुडीत भत्ता द्यावा.

यातल्या बऱ्याच गोष्टींना इमारत लागेल, निधी लागेल. पण एका परिपत्रकाला निधी लागत नाही. राज्यातल्या प्रत्येक एसएनसीयूत आई आणि वडील दोघांनाही रात्रंदिवस प्रवेश, जुळं असेल तर तिसऱ्या एका व्यक्तीलाही, आणि डॉक्टरांना एखाद्या वेळी प्रवेश थांबवावा लागला तर त्याचं कारण लेखी द्यायचं, एवढं त्यात असावं. ते आपण कधी काढणार, हे जाहीरपणे सांगावं, ही विनंती.

आपली,
जुळ्या बाळांची एक आई